जेवण झाले का? : अतिदक्षता विभागात न विचारला जाणारा प्रश्न

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत परिचारिका-सभासदांच्या वतीने दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी रुग्णालयाचा, त्यातही अतिदक्षता विभागाचा विषय काढावा, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु कार्यकारिणीने आम्हाला बोलावले तेव्हा सांगितले होते की, तुमच्या कामातले जे तुम्हाला स्वस्थ बसू देत नाही ते सांगा. म्हणून हा विषय निवडला.

वऱ्हाडातून, खानदेशातून, कोकणातून आणि देशावरून जी तरुण कुटुंबे छोटा नागपूरच्या पठारावरील या पोलादनगरीत नोकरीनिमित्त आली, त्यांनी हे मंडळ उभे केले. ती पिढी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी. मध्यरात्री कोणाला धाप लागली, तर रुग्णवाहिकेत शेजारी बसतो तो मंडळाचाच एखादा सभासद. आणि अतिदक्षता विभागाच्या दाराशी परिचारिका जेव्हा काही विचारते, तेव्हा उत्तर देण्याची जबाबदारीही त्याच्यावरच येते. म्हणून हा विषय जितका आमचा आहे, तितकाच आपलाही आहे.

या भाषणात 'आम्ही' हा शब्द वारंवार येईल. तो मोठेपणाचा नव्हे. परिचारिकेचे काम एकटीचे कधीच नसते. तीन पाळ्या मिळून रुग्णाचा एक दिवस होतो. चांगले घडते ते तिघींचे आणि राहून जाते तेही तिघींचेच.

आपल्याकडे घरी आलेल्या माणसाला पाणी दिले की पहिला प्रश्न असतो, "जेवण झाले का?" ज्या विभागात रुग्णाचा श्वास, नाडी, रक्तदाब आणि लघवीचे प्रमाण तासातासाला टिपले जाते, त्या विभागात हा साधा प्रश्न मात्र पुष्कळदा कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारला नव्हता. ती हकीकत प्रथम सांगतो.

२०१६ सालच्या डिसेंबर महिन्यात आपल्या मंडळाचे एक जुने सभासद न्यूमोनियाने अत्यवस्थ होऊन एका रुग्णालयात दाखल झाले. त्यांना आपण काका म्हणू. त्यांना व्हेंटिलेटरवर ठेवण्यात आले. दाखल करताना कागदावर वजनाचा रकाना होता. खाटेच्या पायथ्याशी उभे राहून, पांघरुणाखालच्या देहाकडे पाहून आमच्यापैकी एकीने लिहिले : 'अंदाजे ६० किलो'. पुढच्या पाळीने तेच उतरवले, त्यापुढच्या पाळीनेही. तीन दिवसांत तो अंदाज इतक्या वेळा लिहिला गेला की, त्यातला 'अंदाजे' हा शब्द गळून पडला.

दुसऱ्या दिवशी स्कॅनसाठी त्यांना उपाशी ठेवण्याची सूचना आली. यंत्राचा क्रमांक तिसऱ्या दिवशी लागला. त्या रात्री नाकातल्या नळीवाटे तासाला २० मिलिलिटर या गतीने आहार सुरू केला. पहाटे पोटातून १८० मिलिलिटर परत निघाले, म्हणून तो थांबवला. पाचव्या दिवशी गळ्याशी छिद्र पाडून श्वासनलिका बसवायची होती, म्हणून पुन्हा उपास. शल्यचिकित्सक दुसऱ्या दिवशी आले. प्रत्येक पाळीने आपापली सूचना बिनचूक पाळली. आणि तरीही सहा दिवसांत त्यांच्या पोटात जे गेले, ते एका दिवसाच्या पुऱ्या आहाराइतकेही नव्हते.

काकू रोज डबा घेऊन येत. भाताची पेज असे, कधी मुगाचे कढण. पहारेकरी तो दारातूनच परत पाठवी. सातव्या दिवशी आमच्यातील एकीला मराठी बोलताना ऐकून काकू पुढे आल्या आणि म्हणाल्या, "अगं, दिवाळीपासून ह्यांचं जेवणच तुटलंय. अर्धी भाकरी खाल्ली तर खाल्ली. हातातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं, पट्ट्याला मी घरी नवीन भोक पाडलं. श्रावणात पेन्शनच्या तपासणीला वजन केलं तेव्हा बासष्ट होते. हे तुम्हाला कुणाला सांगायचं असतं का?"

त्या दिवशी दुसऱ्या विभागातून वजनाची सोय असलेली खाट मागवली. हातापायांवर सूज असूनही काट्यावर ५४ किलो भरले. चार महिन्यांत आठ किलो, म्हणजे देहाचा जवळजवळ आठवा हिस्सा, ओसरला होता. ज्याला आम्ही पोषणाचे मूल्यमापन म्हणतो, त्यातले निम्मे काम काकूंनी दारात उभ्या उभ्या चार वाक्यांत केले होते. आमच्या अंगावर गणवेश होता आणि हातात छापील तक्ता होता. त्यांच्या हातात परत पाठवलेला डबा होता.

ही चूक काही केवळ आमची किंवा या काळाची नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५९ साली परिचर्येवर जे छोटे पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाच्या खाण्यावर दोन स्वतंत्र प्रकरणे आहेत. अन्नाची वाण नसतानाही केवळ लक्ष न दिल्यामुळे रुग्ण उपाशी राहतात, असा त्यांचा स्पष्ट अभिप्राय होता. पुढे १९७४ साली चार्ल्स बटरवर्थ या अमेरिकन वैद्याने रुग्णालयातल्या कुपोषणावर एक गाजलेला लेख लिहिला. त्यांनी दाखवलेली कारणे वाचताना आजही मान खाली जाते : उंची-वजनाची नोंद नसणे, कर्मचाऱ्यांची सतत अदलाबदल, जबाबदारी अनेकांत वाटली जाऊन कोणाचीच न राहणे, तपासण्यांसाठी जेवण चुकवणे आणि दिवसचे दिवस नुसत्या ग्लुकोज-सलाईनवर ठेवणे.

या सलाईनविषयी थोडे गणित मांडू, कारण 'सलाईन चालू आहे ना, मग पोटाला आधार आहे' असा समज फार खोल रुजलेला आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम साखर असते. तिच्यापासून सुमारे १७० उष्मांक मिळतात. ५० ग्रॅम ज्वारीच्या पिठाची एक भाकरीही साधारण तितकेच उष्मांक देते. म्हणजे दिवसभर ठिबकणाऱ्या दोन लिटरमध्ये दोन भाकऱ्या. त्याही अशा की ज्यांत प्रथिनांचा कणदेखील नाही. ज्या बाटलीत साखर नसून नुसते मीठपाणी आहे, तिच्यात तर तेवढेही नाही. सलाईन हे पाणी आणि क्षार देण्याचे साधन आहे. ते जेवण नव्हे.

अत्यवस्थ माणसाचा उपास आणि एकादशीचा उपास यांत एक भेद आहे. निरोगी देह उपासात काटकसर करतो. मुख्यतः चरबी जाळून स्नायू राखण्याचा प्रयत्न करतो. मोठ्या संसर्गात किंवा अपघातात ही काटकसर मोडते आणि देह आपलेच स्नायू झपाट्याने मोडू लागतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडमधील एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील ६३ रुग्णांच्या मांडीचा स्नायू सोनोग्राफीने वारंवार मोजला होता. दहाव्या दिवसापर्यंत त्याचा छेद सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटला होता. स्नायू म्हणजे नुसती चालण्याची ताकद नव्हे. श्वास घेण्याचे, खोकून कफ काढण्याचे आणि व्हेंटिलेटरवरून सुटण्याचे बळही त्यातच असते.

मग हे ओळखावे कसे? येथेच परिचारिकेच्या ज्ञानाची कसोटी आहे. कारण शुद्धीवर असलेल्या रुग्णाला लागू पडणारी बहुतेक मापे येथे फसवी ठरतात. रुग्ण उभा राहू शकत नाही, म्हणून उंची कळत नाही. सलाईनचे चार-पाच लिटर पाणी अंगात साचले की तितके किलो वजन वाढलेले दिसते आणि आतली झीज झाकली जाते. रक्तातील अल्ब्युमिन कमी झाले की कुपोषण, असे आम्ही वर्षानुवर्षे शिकलो; आता कळते की संसर्ग आणि दाह यांमुळे ते पोट भरलेल्या माणसाचेही घसरते, म्हणून पोषणाचे माप म्हणून त्यावर विसंबू नये.

वजन खरे असले तरी ते पुरते बोलत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी ही गोष्ट जगापुढे मोठ्या मार्मिकपणे मांडली. २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांनी आपले व आपल्या इंग्रज सहकाऱ्याचे, डॉ. युडकिन यांचे, शेजारी शेजारी उभे असलेले छायाचित्र प्रसिद्ध केले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, परंतु चरबीचे प्रमाण डॉ. युडकिन यांचे ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांचे २१.२ टक्के. दिसायला सडपातळ, पण आत चरबी अधिक आणि स्नायू कमी, अशी आपल्याकडील पुष्कळांची ठेवण असते. वार्धक्यात हा स्नायूंचा साठा आणखी आटतो. म्हणून 'बरे दिसतात की, गरगरीत आहेत' या शेऱ्याला अतिदक्षता विभागात काही अर्थ नाही.

तरीही साधी साधने आहेत आणि त्यांना टेपपलीकडे काही लागत नाही. कोपराच्या टोकापासून मनगटाच्या वर आलेल्या हाडापर्यंतचे अंतर मोजले की छापील तक्त्यावरून उंचीचा चांगला अंदाज मिळतो. खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर दंडाचा घेर मोजावा, तो २३.५ सेंटिमीटरपेक्षा कमी असेल, तर वर सांगितलेला निर्देशांक बहुधा २० च्या खाली आहे असे समजावे. कानशिलाशी पडलेले खळगे, गळपट्टीची वर आलेली हाडे, अंगठा व तर्जनी यांमधला बसलेला मांसल भाग हे रोज अंग पुसताना आमच्या हाताखालून जाते. पाहणे मात्र शिकावे लागते.

या पाहण्याला शिस्त लावण्याचे प्रयत्न झाले आहेत. १९८७ साली टोरांटो येथील डेट्स्की, जीजीभॉय प्रभृतींनी प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत महागड्या तपासण्या नाहीत. वजनातली घट, खाण्यातला फरक, पोटाच्या तक्रारी, हिंडण्याफिरण्याची शक्ती आणि हाताने तपासलेली चरबी व स्नायू यांवरूनच निर्णय होतो. पुढे २००३ साली युरोपातील वैद्यांची गुणपद्धती आली, २०११ साली खास अतिदक्षता विभागासाठी हेलँड यांनी आजाराच्या तीव्रतेवर आधारलेली दुसरी. २०१९ सालच्या युरोपीय मार्गदर्शिकेने तर सरळ सांगितले की, ज्याचा मुक्काम या विभागात ४८ तासांहून अधिक, तो प्रत्येक रुग्ण कुपोषणाच्या धोक्यात आहे असेच धरून चालावे.

आता प्रामाणिकपणे विचारू : यातले आम्हाला किती ठाऊक असते? नळी किती आत घालायची हे नाकापासून कानापर्यंत आणि तेथून छातीच्या मधल्या हाडाच्या टोकापर्यंत कसे मोजावे, हे आम्हाला झोपेतही सांगता येईल. आहार देताना डोके ३० ते ४५ अंश उंच ठेवावे, नळी जागेवर असल्याची खात्री झाल्याशिवाय थेंबही सोडू नये, हेही अंगवळणी पडलेले असते. म्हणजे 'कसे द्यावे' हे आम्ही शिकतो. 'कोणाला, किती, केव्हापासून आणि दिलेले खरोखर पोहोचले का', हे दुसऱ्या कोणाचे तरी काम आहे असे समजतो. २००८ साली डेन्मार्क, स्वीडन व नॉर्वे या संपन्न देशांतील डॉक्टर-परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांतील चौथ्या हिश्शाला कोणत्या रुग्णाला पोषणोपचार हवेत हे ओळखणे अवघड वाटत होते, आणि निम्म्याहून अधिकांना रुग्णाची उष्मांकांची गरज काढणे जमत नव्हते. त्रुटींचे सर्वांत मोठे कारण म्हणून त्यांनी स्वतःच्या अपुऱ्या ज्ञानाकडेच बोट दाखवले. तिकडे ही स्थिती, तर चार-चार रुग्ण एकीकडे सोपवलेल्या आमच्या भगिनींना कोणत्या तोंडाने दोष द्यावा? परंतु दोष न देणे निराळे आणि न शिकणे निराळे.

ज्ञान किती लहान गोष्टींत असते पाहा. दिवसाला १५०० मिलिलिटर आहाराची सूचना आहे. तपासणी, अंघोळ, फिजिओथेरपी आणि औषधे मिळून सहा तास तो बंद राहिला, तर रुग्णाला ११२५ च मिळाले. कागदावर सूचना १५०० ची राहते आणि सगळे समाधानी असतात. उद्दिष्ट आणि प्रत्यक्ष या दोन रकान्यांतला फरक पाळी बदलताना मोठ्याने वाचून दाखवला, तर निम्मे काम होते. काकांच्या वेळी १८० मिलिलिटर परत आले म्हणून आम्ही आहार थांबवला. तो जुना नियम होता. त्याच वर्षीच्या अमेरिकन मार्गदर्शिकेने सांगितले होते की, पोट फुगणे, उलटी अशी इतर लक्षणे नसतील तर ५०० च्या आत केवळ या कारणासाठी आहार थांबवू नये. पुस्तक बदलले होते. आमची सवय बदललेली नव्हती.

आणि ज्ञान म्हणजे नुसती दया नव्हे, हेही त्याच वेळी शिकलो. काकांची खरी स्थिती कळल्यावर आमच्यातील एक तरुण परिचारिका कळवळून म्हणाली की, आता आहार दुपटीने वाढवू आणि सहा दिवसांची उणीव भरून काढू. आहारतज्ज्ञ बाईंनी तिला थांबवले. दीर्घ उपासानंतर एकदम पुष्कळ आहार दिला, तर देहात इन्सुलिन उसळते आणि रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम पेशींत ओढले जाऊन एकाएकी घसरतात. हृदय आणि श्वास दोन्ही बंद पडू शकतात. दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या उपाशी युद्धकैद्यांत हे दारुण सत्य दिसून आले होते. आपल्या आजीबाई कडक उपासाचे पारणे हलक्या अन्नाने सोडत असत, त्यात हेच शहाणपण होते. काकांना आधी थायामिन दिले, आहार अगदी हळू वाढवला, रोज रक्त तपासले. दुसऱ्या दिवशी फॉस्फेट घसरलेच. पण पाहत होतो म्हणून ते सापडले आणि भरून काढता आले. अलीकडे, २०२३ साली, प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासांनीही हेच बजावले आहे की, आजाराच्या पहिल्या दिवसांत भरमसाट उष्मांक किंवा अतिरिक्त प्रथिने दिल्याने लाभ होत नाही, काही रुग्णांना अपायही होतो. उपाशी ठेवणे जितके चूक, तितकेच आंधळेपणाने भरवणेही चूक. या दोहोंमधली वाट मूल्यमापनाशिवाय सापडत नाही.

काकूंच्या डब्याविषयीही सांगितले पाहिजे. घरची पेज नळीतून का देत नाहीत, हा प्रश्न प्रत्येक कुटुंब विचारते. ती पातळ करावी तर सत्त्व उरत नाही, दाट ठेवावी तर बारीक नळी तुंबते. आणि कोमट राहिलेल्या अन्नात जंतू वाढतात. भारतातील अतिदक्षता तज्ज्ञांच्या २०१८ सालच्या मार्गदर्शिकेनेही याच कारणास्तव तयार, मोजमापाच्या आहाराला पसंती दिली आहे. म्हणून डबा आत न घेणे योग्यच होते. परंतु तो आणणाऱ्या बाईला दारातूनच परत पाठवणे योग्य नव्हते. डबा नको होता. डब्यामागची माहिती आम्हाला हवी होती.

काकांचे पुढे काय झाले, हे आपणांपैकी जुन्या मंडळींना ठाऊकच आहे. सहा आठवड्यांनी ते घरी आले. चहाचा कप दोन्ही हातांनी उचलायला त्यांना आणखी तितकेच दिवस लागले. पुढच्या गणपतीत आरतीला ते खुर्चीवर बसून होते. त्या सहा दिवसांमुळेच हे झाले असे आम्ही म्हणणार नाही. आजार मोठा होता आणि वयही होते. पण त्या सहा दिवसांचा त्यात काहीच वाटा नव्हता, असेही आम्हाला म्हणता येत नाही. हीच ती स्वस्थ बसू न देणारी गोष्ट.

म्हणून समारोपात मंडळापुढे दोन मागण्या ठेवतो. पहिली : सुवर्णमहोत्सवाच्या निधीतून सभागृहात एक चांगला वजनकाटा आणि भिंतीवर उंचीची पट्टी असावी. दर महिन्याच्या सभेला साठीपुढच्या प्रत्येक सभासदाने वजन करावे आणि ते एका छोट्या कार्डावर लिहून पाकिटात ठेवावे. दुसरी : आपल्यापैकी कोणी रुग्णाबरोबर अतिदक्षता विभागात गेले, तर विचारण्याची वाट न पाहता चार गोष्टी सांगाव्यात : नेहमीचे वजन किती होते, गेल्या सहा महिन्यांत किती उतरले, गेल्या आठवड्यात खाणे निम्म्यावर आले होते का, आणि शेवटचे पुरते जेवण कधी झाले. कपडे सैल झाले असतील, दातांची कवळी बसेनाशी झाली असेल, तर तेही सांगावे. परिचारिका घाईत असली तरी सांगावे. ती रागावली तरी लिहून घेईल. आणि लिहून घेतलेले पुढच्या पाळीला वाचावेच लागते.

आमच्या बाजूने आम्ही एवढे करू लागलो आहोत : नवीन रुग्ण आला की 'अंदाजे' हा शब्द वजनाच्या रकान्यात चालू देत नाही, आणि दाराबाहेर जाऊन घरच्या माणसाला आधी विचारतो, "ह्यांचे जेवण कसे होते?" कधी हिंदीत विचारतो, कधी बंगालीत, आपले कोणी असले तर मराठीत.